थंडी पडली की मन उतरून जातंय, आपल्याकडं एवढं ऊन असूनही असं काहून होतं?

पाणंद_परभणी:

नमस्कार. इथं रोज वाचते पण स्वतःबद्दल पहिल्यांदाच लिहायले, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

दिवाळी झाली, फराळाचे डबे रिकामे झाले की माझं मन उतरायला लागतं. हे सलग तिसरं वर्ष. उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत मी चांगली असते, कामं उरकते, पाहुणेरावळे करते, कशाचा त्रास नाही, आणि जी हवा सगळ्यांना आवडते, लोक स्वेटर-मफलर घालून टपरीवर चहाला उभे राहतात, त्याच हवेत मला काही करावंच वाटंना. सकाळी उठणं होत नाही, नऊ-साडेनऊ होतात, उठलं तरी अंग जड, दुपारी डोळे मिटतात. गोड खावं वाटतं सारखं. फोन वाजला तर बघत बसते, उचलत नाही, आणि मग उचलला नाही म्हणून पुन्हा वाईट वाटतं. संध्याकाळी सहाला अंधार पडायला लागला की पोटात कालवतं, रडू येतं, आणि कुणी विचारलं काय झालं तर सांगायला काहीच नसतं.

मी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते, साडेबारा ते साडेनऊ शिफ्ट. मिस्टर शाळेवर आहेत, सातला निघतात. घरात मी आणि सासूबाई. खालचा मजला, कामाची खोली आतल्या बाजूला, दिवसा पण ट्यूब लावावी लागते. समोरच्यांनी तीन मजले चढवल्यापासून ओसरीत थंडीच्या दिवसात ऊनच येत नाही.

नेटवर शोधलं तर सगळं नॉर्वे, कॅनडाचं निघतं, तिकडं अंधार असतो म्हणून लोक म्हणे उजेडाचे दिवे समोर ठेवून बसतात. आपल्याकडं तर आभाळ निळंभोर आहे, मग मला असं व्हायचं कारण काय? आणि यातून बाहेर यायला कुणी काय केलं? खरं खरं सांगा, अनुभवाचं.


नकाशा_अंबाजोगाई:

ताई, मी भूगोलाचा रिटायर मास्तर, त्यामुळं उत्तर वर्गातल्यासारखं होईल. पण तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली, ती ओसरीतल्या उन्हाची.

आधी नॉर्वेचं. ते खोटं नाही. ओस्लोला डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम 6 तासांचा, अजून वर ट्रॉम्सोला तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. या आजाराला नाव दिलं ते अमेरिकेतल्या नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, 1984 साली, सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर, आणि त्यानंतरच्या वर्षांत सकाळी 10,000 लक्सच्या दिव्यासमोर अर्धा तास बसायचा उपाय तिकडं रूढ होत गेला. आता आपलं बघा. परभणी 19 अंशांवर. आपला सगळ्यात लहान दिवस सुद्धा 11 तासांचा भरतो, जूनच्या मोठ्या दिवसापेक्षा सव्वादोन तासच कमी. म्हंजे आभाळात उजेडाला तोटा नाही. तुमच्या डोळ्यापर्यंत तो किती पोचतो ते बघायला पाहिजे.

लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप. ट्यूब लावलेली खोली 100 ते 300 लक्स. भर उन्हातलं अंगण 50,000 च्या पुढं. मोबाईलमध्ये मोजायचं ॲप येतं, अगदी बिनचूक नसतं पण अंदाज येतो. मी मोजलं तेव्हा माझ्या अभ्यासाच्या टेबलावर 140 आला, अन दार उघडून पायरीवर आलो, सावलीतच, तर 6,000. चार पावलांचं अंतर. आपल्या डोळ्याला हा फरक कळत नाही, बाहुली लहानमोठी होते अन दोन्हीकडं आपल्याला ठीकच दिसतं, पण मेंदूतल्या घड्याळाला तो कळतो. सकाळचा उजेड डोळ्यावर पडला की ते घड्याळ लागतं, झोपेचं रसायन मेलाटोनिन कमी होतं. तुम्ही साडेनऊला उठता अन ट्यूबखाली जाऊन बसता. बाकी जग परभणीत अन तुमचं घड्याळ ओस्लोत, असं झालंय.

आता ओसरी. हिवाळ्यात सूर्य बरोबर पूर्वेला उगवत नाही, आग्नेयेकडं सरकतो, अन दुपारी बाराला सुद्धा परभणीत 47 अंशांच्या आसपासच चढतो. मे महिन्यात तो थेट डोक्यावर असतो. म्हणून समोरची इमारत आग्नेयेला किंवा दक्षिणेला असेल तर उन्हाळ्यात तिचा त्रास नाही अन थंडीत मात्र अख्खा दिवस सावली. तुमचं घर तुम्हाला दर दिवाळीनंतर अंधारात टाकतं, अन तुम्हाला वाटतं आपल्याच मनात काहीतरी बिघडलं.

एक गंमत अजून सांगतो कारण संध्याकाळचं तुम्ही लिहिलंय. दिवस सगळ्यात लहान 21-22 डिसेंबरला, पण सूर्य सगळ्यात लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटी, परभणीत पावणेसहाच्या सुमाराला. अन सगळ्यात उशिरा उगवतो जानेवारीच्या मध्याला, जवळपास सातला. म्हंजे संध्याकाळ डिसेंबरच्या मध्यापासूनच हळूहळू लांबायला लागते. मिनिट-मिनिट लिहून ठेवा कॅलेंडरवर. मी पोरांना लिहायला लावायचो, तिसऱ्या आठवड्यात पोरं आपणहून सांगायला यायची, सर आज पुन्हा वाढलं.

गच्ची असेल तर सव्वासातला वर जा, चहा वर घ्या, पेपर वर वाचा. अर्धा तास. सूर्याकडं टक लावून बघायचं नाही, नुसतं उजेडात असायचं. काचेच्या आत नाही, बाहेर.


रोखठोक_जालना:

राग मानू नका पण मला हे सगळं पटत नाही. आमच्या आईनं सहा लेकरं वाढवली, चार वाजता उठून जातं ओढायची, तिला कधी हिवाळ्यात उदास वाटलं नाही. सकाळी पाचला उठा, गार पाण्यानं अंघोळ करा, पळायला जा, आठ दिवसात सगळं पळून जाईल. मी स्वतः करतो, अनुभवाचंच सांगतो.


धारूर_घाट:

जालन्याच्या दादा, तुम्हाला पळून बरं वाटतं ते चांगलंच आहे हो, पण आपल्या आयांना वाटत होतं का नव्हतं ते कुणी विचारलं होतं का कधी? मी आशा म्हणून काम करते, घरोघर जाते, साठ-सत्तरीच्या बायका माझ्यापाशी बसून जे बोलतात ते त्यांनी लेकाला कधी सांगितलेलं नसतं.

ताई, मी माझं सांगते. आमच्या हिकडं हिवाळा म्हंजे गाव रिकामं. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कोयते जातात कारखान्यावर, कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात, ट्रॅक्टरमधी भांडीकुंडी, शेळी, लहान लेकरं, सगळं भरून, आणि ते मार्च-एप्रिललाच परत येणार. गावात राहतात म्हातारी माणसं अन शाळेतली काही लेकरं. संध्याकाळी पाच घरातल्या एका घरात दिवा लागतो. लग्न करून आले ना, पहिल्या वर्षी मला कळेचना हे काय होतंय, आदल्या आठवड्यात पारावर बसायला जागा नव्हती अन आता कुत्रं भुंकलं तरी शिवारभर ऐकू येतंय. तेव्हा मला पण असंच व्हायचं, दिवेलागणीला गळ्यात दाटून यायचं. मला वाटायचं थंडीमुळं. थंडी नव्हतीच ती, माणसं नव्हती.

मग आमच्या एका म्हाताऱ्या आत्याबाईनं मला गोधडी शिवायला बसवलं. दुपारी बारा ते दोन, मारुतीच्या देवळामागं ऊन येतं तिथं. जुनी लुगडी, धोतरं आणायची, पाच-सहा जणी बसायच्या, एकीनं धागा ओवायचा कारण बाकीच्यांना दिसत नाही. बोलणं काय, हिचं गुडघं, तिच्या नातवाचा फोन आला का नाही, ऊसतोडीला गेलेल्या सुनेला कितवा महिना. त्यात काही विशेष नव्हतं बघा. पण दोन तास कुणाच्या तरी शेजारी मांडीला मांडी लावून बसणं, हात चालू, पाठीवर ऊन. आता सात वर्षं झाली, दर हिवाळ्यात दोन गोधड्या निघतात, अन दिवेलागणीचं ते दाटून येणं पार गेलं नाही पण मला धरून ठेवत नाही.

तुमच्या घरात सासूबाई आहेत ना? त्या दिवसभर काय करतात? तुम्ही आत हेडफोन लावून, त्या बाहेर एकट्या, असं तर नाही? रागावू नका, विचारावं वाटलं.


टेकडीवाला_संभाजीनगर:

मास्तरांचं उजेडाचं एकदम खरं आहे. मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, अभ्यासिकेत खिडकी नावाची गोष्ट नाही, सकाळी सहाला आत गेलो की रात्री दहाला बाहेर, मधे फक्त मेसचा डबा. मागच्या डिसेंबरला पूर्व परीक्षेत नापास झाल्यावर तर आठ दिवस पांघरुणातून बाहेर आलो नव्हतो. रूम पार्टनरनं ओढत गोगाबाबा टेकडीवर नेलं. पहिल्या दिवशी शिव्या दिल्या त्याला मनात. वर गेल्यावर सगळं शहर धुक्यात, मकबऱ्याचे मिनार तेवढे वर निघालेले, अन तिथं सत्तरीचे काका लोक मोठ्यानं हसायचा व्यायाम करायलेत. मला काही हसू आलं नाही पण खाली उतरल्यावर भूक लागली, खरी भूक, बऱ्याच दिवसांनी.

एक सांगतो, मन झाल्यावर जाऊ असं ठरवलं तर ते मन कधीच होत नाही. मी रात्रीच बूट दारात ठेवतो अन पार्टनरला सांगून ठेवतो की माझं ऐकू नको. आधी पाय जातात, मन तासाभरानं येतं मागून.


तेरणाकाठ_निलंगा:

ताई मी शेतकरी माणूस, टाईप हळू करलालो, चुकलं तर समजून घ्या.

आमचा हिवाळा वेगळाच खराब होता. थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. गहू-हरभऱ्याला पाणी रात्री अकराला सुरू करायचं अन पहाटेपर्यंत बारे मोडत फिरायचं, गुडघ्यापर्यंत गार पाण्यात, बॅटरी तोंडात धरून. दिवसा झोप येत नाही, रात्री झोपता येत नाही. त्यात सोयाबीन काढून विकलेली असते, हिशोब समोर असतोय, देणं कुणाकुणाचं ते आठवतंय. तीन वर्षं मी असा होतो की बायको म्हणायची तुम्ही माणसात नाहीत. लेकराच्या अंगावर धावून गेलो एकदा, ते आठवलं की अजून वाईट वाटतंय. मागच्या साली सौर पंप बसला, आता पाणी दिवसा, रात्री दहाला झोपतो. एवढ्यानंच अर्धा माणूस परत आला माझा. म्हणून मास्तर म्हणाले ते झोपेच्या घड्याळाचं मला पटलंय, पुस्तकातून नाही, अंगावरून गेलंय.

अन हिवाळ्यात मन वर काढायचं औषध आमच्याकडं आमच्या आज्या-पंज्यांनी करून ठेवलंय ते म्हणजे येळवस. वेळ अमावस्या, मार्गशीर्षाची. परभणीकडं तुमच्यात एवढं नसंल, पण लातूर, धाराशिव, पलीकडं बिदरपर्यंत त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, बाजारपेठ बंद, सगळे शिवारात. आदल्या दिवशी घराघरात बायका रात्रभर जाग्या. हरभऱ्याचे कोवळे दाणे, तूर, वाटाणा, मेथी, चुका, बोरं, चिंच, डाळीचं पीठ, हे सगळं घालून भज्जी. लोकांना वाटतंय भज्जी म्हंजे भजे, तसं नाही, ती पातळ असते, वाटीत घेऊन खायची. बाजरीचे उंडे. गव्हाची खीर. ताकात ज्वारीचं पीठ कालवून, लसूण-आलं घालून आंबील, ती मातीच्या गाडग्यात, तांब्याला पण ती चव यायची नाही.

शेतात कडब्याची कोपी उभी करायची, आत पाच पांडव मांडायचे, पाच दगड, चुना लावून. पूजा झाली की घरातला कर्ता आंबिलाचं गाडगं घेऊन शेताला वेढा मारतो, शिंपडत शिंपडत, मागून पोरं ओरडत, ओलगे ओलगे सालम पलगे. अर्थ मला कुणी सांगितला नाही, मी पण पोराला सांगितला नाही, पण ते ओरडताना आवाज कमरेपासून निघतोय. मग जो दिसेल त्याला जेवायला हाक. वळखीचा असो नसो. रस्त्यानं जाणाऱ्या मोटारसायकली थांबवून लोक जेवू घालतात. पोट भरलेलं असलं तरी पुढच्या शेतात नाही म्हणता येत नाही. संध्याकाळी कडब्याची पेंढी पेटवून पिकातून फिरवतात, अन गार वाऱ्यात सगळे परत येतात.

बघा ना, ऐन थंडीत, ऐन काळजीच्या दिवसात, दिवसभर उन्हात, चार माणसात, पोटभर, चालत चालत. तुमचा तो उजेडाचा दिवा काय करतो मला म्हाईत नाही पण येळवसच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावात कुणी उदास दिसत नाही. पंधरा दिवसावर आलीय. कुणी वळखीचं असंल लातूर भागात तर जा. नसंल तर आमच्याकडं या, मिस्टरांना अन सासूबाईंना घेऊन.


मनमोकळं_लातूर:

मी समुपदेशक म्हणून काम करते. वरती सगळ्यांनी इतकं चांगलं लिहिलंय की मी फक्त राहिलेलं सांगते.

पाणंद ताई, जास्त झोप, गोड खायची ओढ, अंग जड, दरवर्षी ठराविक महिन्यात सुरू, हे वर्णन ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याशी जुळतं हे खरं. पण आपल्या अक्षांशावर तो प्रकार कमी दिसतो, त्यामुळं लगेच तेच नाव स्वतःला लावून घेऊ नका. आधी रक्त तपासून घ्या. थायरॉईड कमी असेल तर नेमकं हेच होतं, थंडी सोसत नाही, वजन वाढतं, मन मंद होतं. हिमोग्लोबिन, बी-12, ड जीवनसत्व पण बघा. शाकाहारी असाल तर बी-12 नक्की. आमच्याकडं येणाऱ्या कित्येक बायका वर्षभर स्वतःला आळशी म्हणत असतात आणि रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन आठ निघतं.

मास्तरांच्या उन्हाला एक जोड. सकाळचं कोवळं ऊन घड्याळासाठी उत्तम, पण ड जीवनसत्वासाठी ते फारसं कामाचं नाही, कारण त्यासाठी लागणारे किरण सूर्य खाली असताना कमी पोचतात. सोपी खूण म्हणजे सावली. आपली सावली आपल्यापेक्षा छोटी असेल तेव्हाचं ऊन त्या कामाचं. डिसेंबरात आपल्याकडं ते साडेअकरा ते एकच्या दरम्यान. धारूरच्या ताईंच्या गोधडीची वेळ बघा, बरोबर बसते. हातपाय उघडे, पंधरा-वीस मिनिटं, काचेतून नाही कारण काच ते किरण अडवते.

ऑनलाईन दिवा मागवायचा मोह झाला तर आपल्याकडं गच्ची फुकट आहे हे लक्षात असू द्या. आणि ज्यांना कधी अति उत्साहाचे, झोप न लागणारे झटके येऊन गेलेत किंवा डोळ्याचा आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवा वापरू नये.

जालन्याच्या दादांना एवढंच म्हणेन की व्यायामाचा फायदा खरा आहे, तुम्ही चुकीचं सांगितलं नाही. पण जिला अंथरुणातून पाय खाली ठेवायला तास लागतो तिला पाचला पळायला जा म्हटलं तर ती जाऊ शकत नाही, आणि मग तेही जमलं नाही म्हणून अजून खचते. तिनं आज गच्चीपर्यंत जावं, तेवढं पुष्कळ झालं. संभाजीनगरच्या पोरानं सांगितलेलं, आधी पाय मग मन, हीच आमची पद्धत आहे. केली रोहन नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी दिव्याच्या उपचाराची आणि या बोलण्या-वागण्याच्या उपचाराची तुलना केली होती, दोन्हींनी त्या हिवाळ्यात सारखंच बरं वाटलं, पण दोन हिवाळ्यांनंतर ज्यांनी वागणं-विचार बदलायला शिकलं होतं त्यांच्यात आजार परत येण्याचं प्रमाण कमी राहिलं.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस रोज असंच वाटत असेल, कामावर परिणाम होत असेल तर डॉक्टरांना भेटाच, सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते. आणि जगणं नकोसं वाटतंय असा विचार एकदा जरी आला तरी 14416 ला फोन करा, टेलिमानस ही सरकारी हेल्पलाईन, 24 तास, फुकट, मराठीत बोलता येतं. हे मी तुमच्यासाठीच नाही, जो कुणी गुपचूप वाचतोय त्याच्यासाठी पण लिहितेय.

शेवटी एक प्रश्न. तुम्ही लिहिलंय हे तिसरं वर्ष. त्याच्या आधीचे हिवाळे कसे होते? तीन वर्षांपूर्वी या दिवसात काही घडलं होतं का? इथं सांगायची गरज नाही, स्वतःशी बघा.


पाणंद_परभणी:

तुमचा प्रश्न वाचून लॅपटॉप बंद केला होता, आज दोन दिवसांनी लिहायले.

माझं माहेर अहमदपूर तालुक्यातलं. निलंग्याच्या दादांचं येळवसचं वाचताना मी रडायले होते आणि मला वाटलं नेहमीसारखंच रडू. तीन वर्षांपूर्वी येळवस झाल्यावर नवव्या दिवशी आमचे दादा गेले. दादा म्हणजे वडील, आम्ही दादा म्हणायचो. झोपेतच गेले. मी त्या वर्षी येळवसला गेले नव्हते, शिफ्ट नवीन होती, सुट्टी मागायची लाज वाटली. फोनवर म्हणाले होते, भज्जी ठेवलीय तुझ्या वाटची, ये. त्यानंतर मी या दिवसात माहेरी गेलेच नाही. भाऊ बोलावतो, मी काम सांगते. आणि एवढा मोठा प्रश्न लिहिताना ही गोष्ट मला एकदाही सुचली नाही, शपथ सांगते, समोरच्यांची इमारत सुचली पण ही नाही.

धारूरच्या ताई, सासूबाईंचं तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत. त्या दिवसभर टीव्ही लावून एकट्याच असतात.


धारूर_घाट:

ताई, तुमचं वाचून मला पण भरून आलं. भावाला आजच फोन करा. काय बोलायचं ते ठरवू नका, नुसतं येते म्हणा.


तेरणाकाठ_निलंगा:

ताई, तुमच्या वाटची भज्जी अजून पण काढून ठेवत असतील बघा ते. जा.


रोखठोक_जालना:

ताई, मी वर जे लिहिलं ते घाईत लिहिलं. आईशी आज बोललो फोनवर, मुद्दाम विचारलं. ती म्हणाली तुझे वडील कामाला मुंबईला होते ती दोन वर्षं मी रोज रात्री रडायची, तुम्ही झोपल्यावर. मला म्हाईतच नव्हतं. तुम्ही बऱ्या व्हा.


पाणंद_परभणी:

सगळ्यांनी विचारलंय म्हणून सांगते.

मॅनेजरशी बोलले. शिफ्ट बदलली नाही पण जेवणाची सुट्टी पाऊण तासाची करून दिली. सकाळी साडेसातला गच्चीवर जायले, बारा दिवसांत नऊ दिवस जमलं, तीन दिवस नाही जमलं. सासूबाई पण येतात, पायऱ्या चढताना माझा खांदा धरतात. त्या मला तेल लावून देतात तिथं, आणि त्यांच्या माहेरचं काय काय सांगतात जे मी नऊ वर्षांत ऐकलं नव्हतं. समोरच्या काकू त्यांच्या गच्चीवरून विचारायल्या रोज काय करता, म्हटलं ऊन खातो, आता त्या पण निवडायचं ताट घेऊन वर येतात. मास्तर, संध्याकाळच्या वेळा लिहून ठेवायले कॅलेंडरवर. आज 5 वाजून 52 मिनिटं.

सहा वाजताचं ते पोटातलं अजून होतं. पण तेव्हा मी आता खोलीतला मोठा दिवा लावून सासूबाईंसोबत देवापाशी पाच मिनिटं बसते आणि मग कॉलवर जाते. काही दिवस रडू येतं तरी.

आणि येळवसला गेले होते. मिस्टरांनी रजा टाकली, सासूबाई पण आल्या, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आंबील प्यायली आणि तीन वाट्या प्यायल्या. दादांची जागा कोपीच्या उजव्या अंगाला असायची, तिथं आता भावाचा लहान पोरगा बसतो. मला वाटलं होतं मला बघवणार नाही. वेढा मारायच्या वेळी भावानं गाडगं उचललं आणि निम्म्या बांधावर थांबून माझ्या हातात दिलं, म्हणाला पुढचं तू घाल. मला ओरडायला आवाजच फुटंना सुरुवातीला, पोरं मागून ओरडायली, मग फुटला. तूर चांगली आलीय यंदा, माझ्या डोक्यापर्यंत.

रक्ताचे रिपोर्ट शनिवारी येणार आहेत, बी-12 आणि थायरॉईड दोन्ही दिलंय, आले की इथं टाकते. धारूरच्या ताई, मला एक सांगा, गोधडीला आतून जुनं लुगडंच लागतं का साडी चालते? दादांची दोन धोतरं भावानं दिलीत, सासूबाई म्हणतात त्याचीच सुरू करू, पण ती फार विरलेली आहेत, टाका धरेल का?


धारूर_घाट:

धरतंय. दोन्ही बाजूनं सुती साडी घ्या अन धोतर मधे घाला, विरलेलं कापड मधेच चांगलं राहतं, ऊब पण त्याचीच जास्त. सिंथेटिक साडी नको, टाका सरकतो. दोरा जाड घ्या, पांढरा, अन कडेपासून सुरू करून आत आत जा. पहिला टाका सासूबाईंना घालायला सांगा.